हायड्रॉलिक लिफ्ट उंबऱ्याशी जुळत नाही, तेव्हा नेमके काय बिघडलेले असते?

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीत तळमजला आणि त्यावर चार मजले आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावर हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. एका एप्रिलमध्ये दुपारच्या वेळी लिफ्ट भरून वर निघाली, की तिसऱ्या मजल्याच्या इंचभर खाली येऊन घुटमळू लागली. मोटरचा आवाज चालू, दार बंद, आत गुडघ्याला पट्टा बांधलेले दोन-तीन रुग्ण. थोड्या वेळाने मोटर बंद पडे आणि लिफ्ट संथपणे तळमजल्यावर परत येऊन दार उघडे. देखभालीच्या माणसाने मशीनरूममध्ये जाऊन एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि तक्रार थांबली. डिसेंबरात नेमके उलटे सुरू झाले. सकाळच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना लिफ्ट मजला ओलांडून दोन-अडीच सेंटीमीटर वर जाऊन थांबे आणि कुबडी टेकणाऱ्या माणसाला ती पायरी दिसत नसे. पुन्हा स्क्रू फिरला, पुन्हा तक्रार आली, आणि सोसायटीच्या बैठकीत लिफ्टच बदलून टाकावी असा विषय निघाला.

त्या लिफ्टमध्ये काहीही मोडलेले नव्हते. काय झाले होते हे समजण्यासाठी आधी ही लिफ्ट चालते कशी ते पाहावे लागेल.

## उसाची ट्रॉली आणि लिफ्ट

आपल्याकडे बहुतेक उंच इमारतींतली लिफ्ट वायर रोपवर लटकलेली असते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला वजनाचे ठोकळे असतात. हायड्रॉलिक लिफ्ट तेलाच्या दाबावर उचलली जाते. तिचे तत्त्व सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही, कारण पलटी होणारी ट्रॅक्टरची ट्रॉली त्याने पाहिलेली असते. ट्रॉली उचलताना ट्रॅक्टर जोर करतो, त्याचा आवाज बदलतो. ती खाली आणताना मात्र फक्त दांडी सोडायची असते, बाकीचे काम ट्रॉलीचे स्वतःचे वजन करते. हायड्रॉलिक लिफ्टही अशीच असते. वर जाताना मोटर आणि पंप चालतो. खाली येताना मोटर बंद असते, एक झडप उघडते आणि केबिनच्या वजनाने दाबले गेलेले तेल टाकीत परत येते.

तेल एका सिलिंडरमध्ये जाते आणि त्यातला जाड पोलादी दांडा वर ढकलते. या दांड्याला रॅम म्हणतात. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम एवढाच त्यामागे आहे. आमच्यासारख्या इमारतीत रॅम थेट केबिनखाली नसतो, बाजूला उभा असतो. त्याच्या डोक्यावर पुली असते आणि तिच्यावरून गेलेल्या वायर रोपमुळे रॅम एक फूट वर सरकला की केबिन दोन फूट चढते. त्याची किंमत म्हणून रॅमवर दुप्पट वजन येते.

थोडे आकडे मांडले की पुढचे सोपे होईल. केबिन आणि तिचा सांगाडा ६५० किलो, आठ माणसे प्रत्येकी ६८ किलोप्रमाणे ५४४ किलो, म्हणजे एकूण सुमारे १२०० किलो. रॅमवर येणारे वजन २४०० किलो. रॅमचा व्यास १०० मिलिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटीमीटर होते. भागाकार केला, की तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३० किलो येतो, आणि केबिन रिकामी असताना तो १७ च्या आत असतो. केबिनचा वेग सेकंदाला अर्धा मीटर हवा असेल तर रॅम सेकंदाला २५ सेंटीमीटर सरकला पाहिजे, आणि त्यासाठी पंपाने मिनिटाला सुमारे ११८ लिटर तेल द्यायला हवे. हा ११८ चा आकडा लक्षात ठेवावा, कारण आमच्या लिफ्टची सारी गोम त्यात आहे.

## पंप एकाच वेगाने फिरतो, मग लिफ्ट हळू कशी होते?

साध्या हायड्रॉलिक लिफ्टमधली मोटर एकाच वेगाने फिरते. तरीही लिफ्ट हळूच सुटते, वेग घेते, मजला जवळ आला की मंदावते आणि अलगद थांबते. हे काम करणारा पोलादाचा किंवा बिडाचा एक ठोकळा टाकीच्या झाकणावर बसवलेला असतो. त्याला व्हॉल्व्ह ब्लॉक म्हणतात, आणि ‘लिफ्टचे सेटिंग’ म्हणजे मुख्यतः या ठोकळ्यावरच्या स्क्रूंचे सेटिंग.

तासगावकडे ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांना ही गोष्ट रोजच्या वापरातली आहे. विहिरीवरची मोटर पूर्ण ताकदीने चालते, पण ठिबकच्या नळ्यांना तेवढे पाणी नको असते. तेव्हा बायपासचा कॉक थोडा उघडून जास्तीचे पाणी परत विहिरीत सोडतात. लिफ्टच्या ठोकळ्यातही असाच बायपास असतो. मोटर सुरू होते तेव्हा तो पूर्ण उघडा असतो, म्हणून सगळे तेल टाकीत परत जाते आणि मोटरवर सुरुवातीला भार येत नाही. मग बायपास हळूहळू मिटतो, दाब चढतो, एका दिशेनेच उघडणारी झडप तेलाला सिलिंडरकडे वाट देते आणि लिफ्ट उचलली जाते. मजल्याच्या अर्धा-पाऊण मीटर अलीकडे बायपास पुन्हा बराचसा उघडतो आणि लिफ्ट रांगत्या वेगावर येते. हा रांगता वेग सेकंदाला पाचेक सेंटीमीटर असतो. शेवटी बायपास पूर्ण उघडतो आणि लिफ्ट थांबते. मोटर त्यानंतर आणखी काही क्षण फिरत राहते, म्हणजे थांबण्याचा धक्का बसत नाही.

बायपास कधी मिटायचा आणि कधी उघडायचा याचा हुकूम विजेचा असतो. ठोकळ्यावर तीन-चार गुंडाळ्या बसवलेल्या दिसतात, त्यांना सोलेनॉइड म्हणतात; वीज मिळाली की आतली खिळी ओढली जाते आणि तेलाची एक बारीक वाट उघडते किंवा बंद होते. ही बारीक वाट मोठ्या झडपेला ढकलते. म्हणजे वीज मोठी झडप स्वतः हलवत नाही. ती फक्त इशारा देते, आणि जोर तेलाचाच असतो. मोठी झडप किती भरभर हलावी हे त्या बारीक वाटेतली सुई ठरवते, आणि तंत्रज्ञ जो स्क्रू फिरवतो तो बहुधा हीच सुई आतबाहेर करत असतो.

## हुकूम चुकला, की हुकूम पाळणारा?

निदानाचा पहिला प्रश्न हा असतो. कंट्रोलर, म्हणजे विजेचे पॅनेल, योग्य वेळी योग्य सोलेनॉइडला वीज देत असेल आणि तरीही लिफ्ट ऐकत नसेल, तर दोष ठोकळ्यात, तेलात किंवा सिलिंडरमध्ये आहे. वीजच पोहोचत नसेल तर ठोकळ्याचा एकही स्क्रू फिरवून उपयोग नाही, उलट चांगले असलेले सेटिंग बिघडते. जुने कारागीर यासाठी एक सोपी खूण पाहतात. पोलादी पेचकसाचे टोक सोलेनॉइडच्या नटाजवळ नेले की गुंडाळीत वीज असेल तर ते चिकटते. मीटर लावून व्होल्ट मोजणे अर्थातच अधिक चांगले, कारण संध्याकाळी विजेचा दाब उतरला असेल तर गुंडाळीत ओढ असते, पण खिळी पूर्ण ओढली जाईल एवढी नसते.

लक्षणेही बरेच सांगतात. वर जाताना लिफ्ट सबंध वाट रांगत्या वेगानेच जात असेल, तर वेगाच्या सोलेनॉइडला वीज मिळत नाही किंवा त्याची गुंडाळी जळालेली आहे. वर व्यवस्थित जाते पण खाली उतरतच नाही, असे असेल तर उतरण्याच्या सोलेनॉइडकडे पाहावे. मोटर फिरते, कर्कश आवाज येतो आणि लिफ्ट जागची हलत नाही, आणि आदल्या दिवशी गल्लीतल्या डीपीवर काही काम झालेले आहे, अशा वेळी फेज उलटे लागून पंप उलटा फिरत असण्याची शक्यता सर्वांत मोठी असते. फेज उलटल्यावर मोटर सुरूच होऊ न देणारा रिले पॅनेलमध्ये असला पाहिजे आणि तो चालू असला पाहिजे. लिफ्ट एकाच मजल्यावर चुकत असेल आणि बाकीच्या मजल्यांवर बरोबर थांबत असेल, तर ठोकळ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण ठोकळा सगळ्या मजल्यांना एकच असतो. शाफ्टमधला, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून धावते तिच्यातला, त्या मजल्याचा मॅग्नेट किंवा स्विच सरकलेला असतो. सगळ्या मजल्यांवर सारखेच चुकत असेल, तर मात्र ठोकळा आणि तेल यांच्याकडे वळावे.

केबिन सुटताना स्प्रिंगवर बसल्यासारखी हिंदकळत असेल, तर सिलिंडरमध्ये हवा शिरली असल्याचा संशय घ्यावा. तेल दबत नाही, हवा दबते. टाकीतली पातळी कमी झाली की पंप हवा ओढतो आणि तेलाला फेस येतो.

## तापलेले तेल आणि गारठलेले तेल

आता आमच्या लिफ्टकडे येऊ. या लिफ्टमध्ये बहुधा ४६ क्रमांकाचे हायड्रॉलिक तेल वापरतात. हा क्रमांक तेलाच्या दाटपणाचा आहे आणि तो ४० अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेला असतो. तेच तेल २० अंशांवर दुपटीहून अधिक दाट होते आणि ६० अंशांवर निम्म्याहून पातळ होते. हिवाळ्यात सकाळी घट्ट झालेला आणि उन्हात पातळ झालेला काकवीचा डबा ज्याने पाहिला आहे, त्याला याहून अधिक सांगायला नको.

तेल तापते कशाने? वायर रोपच्या लिफ्टमध्ये केबिन खाली येते तेव्हा वजनाचे ठोकळे वर जातात आणि कष्ट बरेचसे वसूल होतात. हायड्रॉलिक लिफ्टमध्ये वर चढवताना वापरलेली सगळी ऊर्जा, केबिन उतरताना तेल झडपेच्या फटीतून रेटले जाते त्या वेळी, उष्णता होऊन टाकीत येते. दवाखान्याच्या वेळेत तासाला पंचवीस-तीस फेऱ्या झाल्या, तर साधारण एक ते दीड युनिट वीज या मार्गाने तेलात उतरते. म्हणजे टाकीत पाणी तापवायचा रॉड तासभर सोडून ठेवल्यासारखेच. ही उष्णता मशीनरूमच्या हवेत आणि तिथून बाहेर गेली पाहिजे.

एप्रिलमधल्या तक्रारीचा हिशेब असा लागतो. रांगत्या वेगात केबिन सेकंदाला पाच सेंटीमीटर चढते, म्हणजे रॅमला मिनिटाला जेमतेम १२ लिटर तेल लागते. पंप देतो ११८ लिटर, त्यातले १०६ लिटर बायपासमधून टाकीत परत जाते आणि उरलेल्या १२ लिटरवर लिफ्ट रांगते. आता तेल पातळ झाले, की पंपाच्या आतल्या फटींतून थोडे अधिक तेल मागे झिरपते; केबिन भरलेली असली, की दाब १७ च्या ऐवजी ३० असतो आणि बायपासच्या त्याच फटीतून जास्त तेल निसटते. दोन्ही मिळून १२ लिटरची चूक व्हायला वेळ लागत नाही. रॅमला काहीच उरले नाही की लिफ्ट मजल्याच्या इंचभर खाली लटकते, पंप फिरत राहतो, आणि मोटर किती वेळ चालू द्यायची याची मर्यादा संपली की पॅनेल तिला खाली आणते. रिकाम्या केबिनने तपासले तर सगळे ठीक दिसते. तपासायला येणारा माणूस एकटा येतो आणि तोही सकाळी, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

स्क्रू फिरवून रांगता वेग वाढवला, की उन्हाळ्याची तक्रार जाते. पण डिसेंबरात सकाळी तेच तेल दाट असते, ते बारीक वाटेतून हळू सरकते, मोठी झडप हळू हलते, आणि वेग कमी होण्याचे काम पुरे होण्याआधीच मजला येऊन जातो. त्यात रांगता वेगच वाढवून ठेवलेला. साहजिकच लिफ्ट मजला ओलांडून थांबते.

खरे कारण मशीनरूममध्ये सापडले, पण ठोकळ्यावर नव्हे. आमची मशीनरूम जिन्याखाली आहे आणि तिला एकच जाळीची खिडकी आहे. त्याआधीच्या पावसाळ्यात तिच्यातून पाणी आत येते म्हणून कोणीतरी, बहुधा आमच्यापैकीच, तिच्यावर प्लायवूडचा तुकडा ठोकला होता आणि तो तसाच राहिला. टाकीला हात लावला तर ठेवता येत नव्हता. तुकडा काढला, बाहेरून पावसाळी झाप बसवली, हवा ओढणारा छोटा पंखा लावला आणि स्क्रू मूळ खुणेवर परत आणला. हिवाळ्याच्या सकाळची थोडी तक्रार त्यानंतरही उरली होती, ती मजल्याआधी मंदावण्याचे अंतर थोडे वाढवून गेली.

## रात्रीतून लिफ्ट खाली का सरकते?

दुसरी नेहमीची तक्रार अशी, की रात्री चौथ्या मजल्यावर सोडलेली लिफ्ट सकाळी काही सेंटीमीटर खाली सापडते, किंवा रात्रभर अधूनमधून मोटर आपोआप सुरू होऊन बंद होते. घरातले लोक याला ‘लिफ्ट गळते’ म्हणतात. कधी कधी ते खरे असते, पण नेहमी नाही.

तेल गार झाले की आकुंचन पावते, दर अंशाला साधारण दहा हजारांत सात भाग. चौथ्या मजल्यावर केबिन १२ मीटर उंचीवर आहे आणि संध्याकाळचे तापलेले तेल रात्रीतून १० अंशांनी निवले, तर एक थेंबही न गळता केबिन सुमारे आठ सेंटीमीटर खाली येते. हे समजले नाही तर रॅमभोवती तेल अडवणारी चांगली पॅकिंग बदलण्याचा खर्च होतो. म्हणून गळतीची तपासणी थोडक्या वेळात करतात: युरोपीय मानकाप्रमाणे पूर्ण भाराची केबिन सर्वांत वरच्या मजल्यावर ठेवली असता दहा मिनिटांत दहा मिलिमीटरपेक्षा जास्त खाली सरकता कामा नये, आणि तेल गार होण्याचा परिणामही हिशेबात धरायचा असतो.

त्याहून जास्त सरकत असेल, तर पुढची पायरी फार सुबक आहे. ठोकळा आणि सिलिंडर यांच्यामधल्या पाइपवर हाताने बंद करायचा एक कॉक असतो. तो बंद करून केबिनकडे पाहत राहायचे. सरकणे थांबले, तर गळती ठोकळ्यात आहे: उतरण्याच्या झडपेच्या बैठकीवर वेल्डिंगचा कण, रबराचा तुकडा किंवा गंज बसलेला असतो आणि झडप पूर्ण मिटत नाही. सरकणे चालूच राहिले, तर गळती कॉकच्या पलीकडे, पाइपमध्ये किंवा रॅमच्या पॅकिंगमध्ये आहे, आणि ती पिटमध्ये, म्हणजे शाफ्टच्या तळातल्या खड्ड्यात, किंवा सिलिंडरच्या डोक्यावरच्या भांड्यात तेलाच्या रूपाने दिसली पाहिजे. झडपेवर कण अडकलेला असताना स्क्रू आवळत बसणे म्हणजे नळाचा वॉशर फाटलेला असताना नळ पिळत बसण्यासारखे आहे.

## मग स्क्रूंना हातच लावायचा नाही का?

लावायचा, पण शेवटी आणि क्रमाने. तेल नेहमीच्या तापमानाला आणून, पातळी पाहून, विजेचे हुकूम तपासून आणि दाबाचा गेज लावून मगच सेटिंगला सुरुवात करावी. प्रत्येक स्क्रूच्या लॉक नटावर रंगाने खूण करावी आणि तो किती फिरवला हे लिहून ठेवावे. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेऱ्याहून कमी, आणि त्यानंतर रिकाम्या व भरलेल्या अशा दोन्ही केबिनने फेऱ्या. आधी बायपासची बैठक, मग चढतानाची सुट, मंदावणे, रांगता वेग आणि थांबणे, आणि सगळ्यात शेवटी उतरण्याचे स्क्रू. कारण पहिला हलला की त्यामागचे सगळे थोडे थोडे बदलतात. कोणता स्क्रू आत घातला की वेग वाढतो आणि कोणता घातला की कमी होतो, हे बनावटीप्रमाणे निराळे असते. त्यामुळे एका लिफ्टवरचा अनुभव दुसऱ्या लिफ्टवर तसाच चालवू नये. ठोकळ्याचा मूळ तक्ता मशीनरूममध्ये टांगलेला नसेल तर तो मागून घ्यावा.

एका स्क्रूला मात्र सेटिंगच्या नावाखाली कधीही हात लावू देऊ नये. दाब मर्यादेबाहेर गेला तर तेल टाकीत सोडून देणारी सुरक्षा झडप पूर्ण भाराच्या दाबाच्या १४० टक्क्यांवर लावलेली असते. आमच्या उदाहरणात ३० च्या दाबाला ४२. भरलेली लिफ्ट उचलत नाही म्हणून ती आवळून टाकणे हा तात्पुरता आणि धोक्याचा उपाय आहे. तिच्यावर शिशाचे सील असते ते याचसाठी.

एक रास्त आक्षेप असा, की हे सगळे तंत्रज्ञाचे काम आहे, रहिवाशाने यात का पडावे? ठोकळा उघडण्यात पडू नयेच. महाराष्ट्रात लिफ्टसाठी १९३९ चा कायदा होता, त्याच्या जागी २०१७ चा आला, आणि परवाना नसलेल्या माणसाने हे काम करणे कायद्यालाही मान्य नाही. पण लिफ्ट कधी चुकते हे रहिवाशांइतके कोणालाच माहीत नसते. सकाळी की दुपारी, भरलेली की रिकामी, वर जाताना की खाली येताना, एकाच मजल्यावर की सगळीकडे, ही चार उत्तरे तक्रारीच्या वहीत लिहिली असती तर आमचा प्लायवूडचा तुकडा आठ महिने आधी निघाला असता. आमच्या वहीत ‘लिफ्ट नीट चालत नाही’ एवढेच सात वेळा लिहिलेले होते, त्यातले दोनदा माझ्या अक्षरात.

## पाइप फुटला तर लिफ्ट कोसळेल का?

ही भीती स्वाभाविक आहे. त्यासाठी सिलिंडरच्या तोंडाशीच एक झडप बसवलेली असते. पाइप फुटून तेल नेहमीपेक्षा वेगाने बाहेर धावू लागले की ती स्वतःच्या प्रवाहानेच बंद होते. तिला वीज लागत नाही. केबिनचा वेग उतरण्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा सेकंदाला ०.३ मीटरने वाढेपर्यंत तिने काम केलेले असले पाहिजे. वीज गेली तरी केबिन अडकून राहत नाही, कारण उतरायला मोटर लागतच नाही. बॅटरीवर उतरण्याचे सोलेनॉइड उघडता येते, आणि तेही नसेल तर ठोकळ्यावरची हाताची झडप दाबून केबिन संथपणे खाली आणता येते. या बाबतीत हायड्रॉलिक लिफ्ट वायर रोपच्या लिफ्टपेक्षा अधिक समंजस आहे.

ती काढून दुसरी बसवावी का, याचे उत्तर इमारतीवर आहे. चार-पाच मजल्यांच्या पुढे आणि दिवसभर गर्दी असेल तिथे ती वीज खाते आणि तापते. कुपवाडच्या कारखान्यात जड माल एक-दोन मजले चढवायचा असेल किंवा छपरावर मशीनरूम नको असेल, तिथे तिला तोड नाही.

## कृष्णेचे पाणी आणि तेलाची टाकी

सांगलीपुरता एक मुद्दा वेगळा सांगितला पाहिजे. हायड्रॉलिक लिफ्टची टाकी, मोटर आणि ठोकळा बहुधा तळमजल्यावर किंवा तळघरात असतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका समजतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. विश्रामबाग उंचावर आहे, पण नदीकाठच्या भागांत जिन्याखालच्या खोल्या पाण्याखाली गेल्या.

पुराचा इशारा मिळाला की लोक लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन ठेवतात आणि निर्धास्त होतात. इथे दोन गोष्टी आड येतात. रात्रीतून सरकू नये म्हणून पुष्कळ हायड्रॉलिक लिफ्ट शेवटच्या फेरीनंतर पंधरा मिनिटांच्या आत आपोआप सर्वांत खालच्या मजल्यावर येतात. आणि मुख्य वीज बंद केली, तर बॅटरीवर चालणारी सुटकेची सोय वीज गेली असे समजून केबिन खाली आणते. दोन्ही सोयी आपापल्या जागी योग्यच आहेत, पण पुराच्या रात्री त्या केबिनला पाण्यात नेऊन बसवतात. म्हणून केबिन वर नेऊन, आत कोणी नाही याची खात्री करून, तंत्रज्ञाकडून बॅटरीची सोय बंद करून घ्यावी, मुख्य वीज बंद करावी आणि ठोकळा व सिलिंडर यांच्यामधला कॉक बंद करावा. त्यानंतर केबिन तिथेच राहते.

पाणी ओसरल्यावर मोटर वाळवली, पॅनेल पुसले, बटण दाबले आणि लिफ्ट चालली, म्हणजे सुटलो असे वाटते. पण टाकीत पाणी शिरलेले असेल, तर ते तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसलेले असते आणि पंपही तळाजवळूनच ओढतो. पहिल्याच फेरीत ते घुसळून तेल दुधाळ होते आणि सिलिंडरभर पसरते. मग टाकीतले तेल बदलूनही काम भागत नाही, कारण केबिन खाली येताना सिलिंडरमधले दुधाळ तेल नव्या तेलात मिसळते. मोटर फिरवण्याआधी टाकीचे झाकण काढून तळातले तेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि तासभर स्थिर ठेवावे. बाटलीत खाली पाण्याचा थर दिसला, तर कॉक बंदच ठेवून टाकी रिकामी करावी, पुसून घ्यावी, नवे तेल भरावे. तोवर सिलिंडरमधले तेल पलीकडे कोरडे आणि स्वच्छ राहिलेले असते.